तो बॉल बाहेर होता

असोदा, ता. जळगाव
१२ फेब्रुवारी २०२५

प्रेमराज, रामराम.

आपला नियम मोडून हे पत्र लिहितोय. मॅच झाली की पहिलं पत्र हरलेल्याने लिहायचं आणि पुढच्या वर्षीची तारीखही त्यानेच ठरवायची, हे आपण धुळ्याच्या शेतकी कॉलेजात असताना ठरवलं होतं. पुढे घरोघरी फोन आले, मोबाईल आले, तू सरकारी खात्यात लागलास, मी केळीत अडकलो, पण एवढी एक गोष्ट आपण सोडली नाही. या वर्षी पत्र तुझं यायचं. पण त्याची वाट बघत बसलो तर माझं डोकं फुटेल, म्हणून जिंकलेला मी लिहितोय. 'जिंकलेला' लिहितानाही हात अडखळला बघ.

फोन का नाही केला म्हणशील. फोनवर मी भांडायला लागलो की तू हसतोस आणि केळीचा भाव विचारतोस. कागदावर तुला तसं करता येणार नाही.

तर सरळच विचारतो. रविवारी मेहरूणच्या टेनिस कोर्टवर शेवटचा बॉल तू बरोबर का दिलास?

आठव. तिसरा सेट. टायब्रेक आपण कधी मानला नाही, दोन गेमची आघाडी मिळेपर्यंत खेळायचं. गार वाऱ्यात सुरू केलेली मॅच ऊन डोक्यावर आलं तरी चालूच होती. क्लबची माणसं घरी जाऊन, आंघोळ-नाश्ता उरकून परत आली तरी आपण तिथेच. सतरा-सोळा मी पुढे, सर्व्हिस तुझी, ॲडव्हान्टेज माझा. तू बॅकहँडला दिलास, मी जीव खाऊन मारला आणि रॅकेटवरून सुटताक्षणी मला कळलं की हा लांब जाणार. गेलाच. तुझ्या मागच्या रेषेच्या बाहेर पडला. मी 'ड्यूस' म्हणून पाठ फिरवली, कपाळाचा घाम पुसत परत निघालो होतो. तेवढ्यात मागून तुझा आवाज आला, "बराबर शे." वळून बघतो तर तू हात पुढे करून नेटकडे येतोयस.

आपल्या बाजूची रेष आपण सांगायची आणि समोरच्याचा शब्द मोडायचा नाही, हा आपला दुसरा नियम. म्हणून गप्प बसलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कोणीतरी हार घातला, तांब्या माझ्या हातात दिला. कॉलेजच्या मेसमधला तो पितळी तांब्या कोणी पळवला, तू की मी, याचा निकाल अजून लागायचा आहे, पण निदान तो जिंकलेल्याकडे वर्षभर राहतो यावर आपलं एकमत आहे. तू भरीत-पुरीलाही थांबला नाहीस. तुझ्या लेकीने, रूपाने गाडी काढली आणि तुम्ही बापलेक धुळ्याला निघून गेलात. पोरगी सकाळपासून कोर्टाच्या कडेला चेहरा पाडून बसली होती, त्याचंही कारण मला कळलं नाही.

तुम्ही गेल्यावर मी तुझ्या बाजूला गेलो. लाल मातीत बॉलचा डाग ताजा होता. रेषेपासून चांगला तळहातभर बाहेर. वाकून हात ठेवून पाहिला आणि तिथेच मातीत बसलो. लताला वाटलं, पायात पुन्हा गोळा आला.

आता मला काय वाटतंय ते ऐक. तिसऱ्या सेटमध्ये माझ्या पोटरीला गोळा आला, मी आडवा झालो. तू नेट ओलांडून आलास, माझा पाय ताणून दिलास, तुझ्या बाटलीतलं मीठ-साखरेचं पाणी पाजलंस. तिथपर्यंत ठीक. पण त्यानंतर तुला माझी दया आली. जिंकू दे बिचाऱ्याला, घरी जाऊ दे. असंच ना? आजवर तू मला कितीदा तरी हरवलंस, त्याचं कधी वाईट वाटलं नाही. याचं वाटलं. झोप लागत नाही. खरं काय ते सांग.

तुझा,
बन्सीलाल


धुळे
२६ फेब्रुवारी २०२५

बन्सी, रामराम.

बॉल माझ्या बाजूला पडला. माझ्या बाजूची रेष मी सांगतो. मी बरोबर म्हणालो, विषय संपला. जिंकूनही रडणारा माणूस मी अख्ख्या खान्देशात दुसरा पाहिला नाही. डागाचं म्हणशील तर त्या मातीत आपण दिवसभर शेकडो डाग पाडले, त्यातला कोणता कोणाचा ते तू कसा ओळखलास? केळीच्या पानावरचे ठिपके ओळखतोस तसा?

आणि दया? तुझी? मेसमध्ये माझं लक्ष नसताना माझ्या ताटातलं वांगं उचलणाऱ्या माणसाची दया मी करेन, असं तुला वाटलं तरी कसं? तू चांगला खेळलास, जिंकलास. तांब्या घासून दर्शनी ठेव आणि आल्यागेल्याला दाखव. दरवर्षी तेच तर करतोस.

बाकी इकडे ठीक. स्कूटर विकून टाकली. पाचकंदीलच्या गर्दीत आता ती चालवण्यात काही मजा राहिली नाही. संध्याकाळी फिरायला जातो तर रूपा सोबत येते, तिला हल्ली बापाचा फारच पुळका आलाय. बँकेतून थकून येते आणि तरी येते. मी नको म्हणतो, ती ऐकत नाही.

अक्षराकडे लक्ष देऊ नकोस, पेन खराब आहे.

पुढच्या वर्षीच्या तारखेचं म्हणशील तर बघू. घाई काय आहे?

लताबाईंना नमस्कार.

प्रेमराज


असोदा
१० मार्च २०२५

प्रेमराज,

'बघू' हा शब्द वाचून मी हादरलो. इतक्या वर्षांत तारखेवाचून तुझं पत्र आलेलं नाही. तुझं लग्न होतं त्या वर्षी हळद लागलेल्या हातांनी तू तारीख लिहून पाठवली होतीस. आणि आता म्हणे बघू. तेही अशा अक्षरात की चालत्या एसटीत बसून खरडलंय जणू. ओळ ओळीवर चढलीय, एक शब्द तर कागदाच्या कडेबाहेर गेलाय. मला दोन ओळी नीट लिहिण्याइतकीही किंमत उरली नाही का?

आता ऐक, माझ्याकडे पुरावा आहे. आमच्या हितेंद्रने शेवटचे गेम मोबाईलवर घेतले होते, मला माहीतही नव्हतं. काल त्याने लावून दाखवले. मी पुन्हा पुन्हा पाहिले. नुसता शेवटचाच नाही, त्याआधीचे आणखी दोन बॉल बाहेर आहेत आणि दोन्ही तू बरोबर दिलेस. हेही मी समजून घेतलं असतं. पण तू त्या बॉलकडे बघितलंसुद्धा नाहीस. मान वळवण्याचेही कष्ट नाहीत. समोर नेटकडे बघत उभा, आणि आपलं 'बराबर शे'. पोरं लहान भावंडांना खेळवतात ना, तसा तू मला खेळवत होतास. आणि मी येडा लंगडत, घामाघूम होऊन, जीव ओतून तुझ्याशी खेळत होतो.

लता म्हणते, जाऊ द्या, इतकं मनाला लावून घेऊ नका. पण तिने आपल्याला तेव्हा पाहिलेलं नाही. अख्खं होस्टेल झोपलं की आपण दोघं रेषांवर चुन्याची फक्की टाकायचो, पहाटे खेळता यावं म्हणून. तिथून इथवर आपण आलो ते कशासाठी? तू मला भीक घालावीस म्हणून?

पुढच्या शनिवारी हितेंद्र मित्राच्या लग्नाला धुळ्याला येतोय. त्याच्यासोबत तांब्या पाठवतो. मी जिंकलेलो नाही, तांब्या माझा नाही. आणि ज्याला मला हरवणंही नकोसं झालंय, त्याच्यासमोर मी पुन्हा उभा राहणार नाही. आपली मॅच संपली असं समज.

बन्सीलाल


असोदा
२३ मार्च २०२५, दुपार

प्रेमराज,

हितेंद्र आला. तू काय केलंस ते त्याने सांगितलं. मला अजून खरं वाटत नाही.

पोरगा तुझ्या दारात उभा, तुला वाकून नमस्कार करतोय, आणि तू फाटकाकडे बघून विचारतोस, कोण? लहानपणी तुझ्या मांडीवर बसून रॅकेटच्या जाळीत बोटं अडकवणारं पोर ते. त्याने नाव सांगितल्यावर तू 'ये' म्हणालास, बरं. त्याने तांब्या पुढे केला. तू घेतला नाहीस. त्याला वाटलं तू धरलास, म्हणून त्याने सोडला, आणि तांब्या पायऱ्यांवरून घरंगळत खाली गेला. पोचा पडला. तू उचललाही नाहीस. 'राहू दे' म्हणून आत निघून गेलास. रूपाने बाहेर येऊन तो उचलला आणि हितेंद्रला चहा दिला, पण तिचेही डोळे भरलेले. तिला तरी बापाची लाज वाटली असेल.

माझा राग होता तर माझ्यावर काढायचास. तो तांब्या खाली पाडायचा नव्हता. यापुढे मला पत्र लिहू नकोस.

२४ मार्च, सकाळ

वरचं पत्र काल पाकिटात घातलं होतं. टपालात टाकायला आज सकाळी निघालो, तर लताने अडवलं. तिने हितेंद्रला समोर बसवलं आणि सगळं पुन्हा सांगायला लावलं. तू दारात नेमका कुठे उभा होतास, हितेंद्र कोणत्या अंगाला, ऊन कुठून येत होतं, तुझा हात पुढे आला होता की नाही. हितेंद्र म्हणाला, हात आला होता, पण तांब्याच्या शेजारून गेला. त्याला वाटलं, काकांनी मुद्दाम झिडकारला.

मग लता म्हणाली, "त्याहीनं पाडला नाही. त्याहीले दिसलाच नाही."

प्रेमराज, मी ओट्यावरच बसलो. स्कूटर. ते अक्षर. संध्याकाळी सोबत येणारी रूपा, कोर्टाच्या कडेला बसलेला तिचा तो चेहरा. मोबाईलवर ते गेम पुन्हा बघितले. तू नेटकडे बघत उभा आहेस, बॉल तुझ्या पायाजवळ पडतोय, आणि तू त्याच्याकडे बघत नाहीयेस. बघत नाहीयेस की बघता येत नाहीये, हे मला एवढ्या वेळा पाहून कळलं नाही. शेतात माणसं कापणीला आलीत, ट्रक उभा आहे, आणि मी आत बसून हे लिहितोय.

वरचं पान फाडणार होतो, फाडलं नाही. मी किती तापट आणि किती मूर्ख आहे ते तुला माहीतच आहे, पुन्हा एकदा कळू दे.

आत्ताच्या आत्ता एसटीत बसणार होतो. लता म्हणाली, त्यांनी एवढं लपवलं त्याला काही कारण असेल, विचारल्याशिवाय जाऊ नका. म्हणून विचारतो. हे खोटं आहे एवढंच सांग. मी तुझ्या पाया पडतो, पण खोटं आहे म्हण.

बन्सी


धुळे
८ एप्रिल २०२५

बन्सी, रामराम.

हे पत्र मी सांगतोय आणि रूपा लिहितेय. आता लपवायचं काय राहिलं?

लताबाईंचं खरं आहे. काचबिंदू. उजवा डोळा गेल्यातच जमा आहे. डाव्याने समोरचं दिसतं, कडेचं नाही. कागदाची पुंगळी करून एका डोळ्याला लाव आणि दुसरा मीट, म्हणजे तुला कळेल. त्यातही संध्याकाळचं कमी. गेलेली नजर परत येत नाही, थेंब घालून उरलेली टिकवायची, असं डॉक्टर म्हणतात. कळलं तेव्हाच म्हटलं, बन्सीला सांगायचं नाही. सांगितलं असतं तर तू मला जपून खेळला असतास. हळू बॉल, पायाजवळ, अलगद. त्यापेक्षा मी रॅकेट गिरणा नदीत फेकली असती.

आता तुझ्या आरोपाचं उत्तर देतो. मी तुला एकही पॉइंट दिलेला नाही. समोरून येणारा बॉल मला दिसतो. तुझा फटका कुठे जाणार ते बॉलच्या आधी मला कळतं, इतक्या वर्षांत ते पाठ झालंय. रॅकेटचा आवाजही सांगतो. पण बॉल खाली पडताना, रेषेजवळ, तो माझ्या पुंगळीबाहेर जातो. मग आत की बाहेर ते कळत नाही. आपल्या खेळाच्या सरांनी पहिल्याच दिवशी काय सांगितलं होतं? शंका आली तर पॉइंट समोरच्याचा. त्या हिशेबाने जेवढे द्यावे लागले तेवढे दिले. बाकी मी जिंकायलाच खेळलो. दुसरा सेट कोणी घेतला ते आठव. दया म्हणतोस? तू लंगडायला लागल्यावर मी तुला नेटजवळ सारखे ड्रॉप शॉट टाकत होतो, ते विसरलास? क्लबमधले लोक मला नावं ठेवत होते. दया येणारा माणूस असं करतो का?

आता मला बसलेला धक्का सांगतो. तो मी गेल्या पत्रात तुझ्यापासून लपवला.

मेहरूणला उतरलो तेव्हाच मला माहीत होतं की ही शेवटची मॅच. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं. रूपाला माहीत होतं, म्हणून ती तशी बसली होती. मॅच लांबत गेली ना, ती मला लांबायला हवी होती. प्रत्येक गेमला वाटायचं, अजून एक होऊ दे. पाय दगड झाले होते, जीभ टाळूला चिकटली होती, पण मनात एकच, संपू नको. मग तुझा तो शेवटचा बॉल आला. मागे कुठेतरी पडल्याचा आवाज झाला. कुठे पडला ते कळलं नाही. माझ्या ओठावर 'बाहेर' आलं होतं, बन्सी. एक शब्द बोललो असतो की ड्यूस झाला असता आणि मी अजून खेळलो असतो. पण मला तो दिसला नव्हता. दिसला नव्हता म्हणून बरोबर म्हणालो आणि हात पुढे केला.

मग तुझं पत्र आलं. रूपा वाचून दाखवत होती. 'तळहातभर बाहेर' या ओळीवर मी तिला थांबवलं आणि ती ओळ परत वाचायला लावली. म्हणजे मी बाहेर म्हणालो असतो तर ते खरं निघालं असतं. मला अजून खेळायला मिळालं असतं, आणि ते हक्काचं असतं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. न बघता बाहेर म्हणायला हवं होतं असं मी म्हणत नाही. पण वाईट वाटतंय, आणि ते तुला नाही सांगायचं तर कोणाला?

म्हणून तारीख लिहिली नव्हती. ठरवणार कुठून?

तांब्या माझ्याकडे आहे, पोच्यासकट. तो तुझा आहे. कधी आलास तर घेऊन जा. हितेंद्रला सांग, काकाने त्याला झिडकारलं नाही. मी आत निघून गेलो कारण पोराच्या देखत मला पायऱ्यांवर चाचपडायचं नव्हतं.

तुझा,
प्रेमराज


असोदा
१५ एप्रिल २०२५

प्रेमराज, रामराम.

तुझं पत्र वाचलं आणि केळीच्या बागेत जाऊन बसलो. घरात कोणाला तोंड दाखवायचं नव्हतं. लता पाणी घेऊन शोधत आली, तिने पत्र मागितलं, तिनेही वाचलं. मग आम्ही दोघं तिथेच बसून होतो.

आता कामाचं. रडून झालंय, डोकं ठिकाणावर आहे.

तो बॉल बाहेर होता. डागावर मी स्वतः हात ठेवलाय. तुला तो दिसला नव्हता हे तूच कबूल करतोस. मग मी जिंकलो कसा? मॅच संपलेलीच नाही. सतरा-सोळा, ड्यूस, सर्व्हिस तुझी. मातीचं कोर्ट पावसाळ्यात चिखल होतं, तोवर मी थांबणार नाही, आणि तुझ्या डोळ्यांनीही थांबावं असं मला वाटत नाही. ११ मे, रविवार, उजाडल्याबरोबर, मेहरूणला. उरलेली मॅच खेळायची. फार वेळ लागणार नाही म्हणून डॉक्टरांना विचार. ते हो म्हणाले तरच.

दोन्ही बाजूंच्या रेषा मी सांगेन, तुझा माझ्यावर विश्वास असेल तर. नसेल तर रूपाला उभी कर.

आणि एक गोष्ट आधीच लिहून देतो. मी मुद्दाम एकही पॉइंट सोडणार नाही. तू मला सोडलंस असं वाटून मी दीड महिना जळत होतो, तेच मी तुझ्याशी करणार नाही. लता म्हणते हे राक्षसी आहे. असेल. तुला चालणार असेल तरच ये.

बन्सी


धुळे
१४ मे २०२५

बन्सी, रामराम.

पहिलं पत्र हरलेल्याने लिहायचं असतं, म्हणून लिहितोय.

लिहितेय रूपाच, पण पेन आपटून आपटून. तिचा राग अजून गेलेला नाही. दारी आलेल्या माणसाला कोणी असं मारतं का, म्हणते. क्लबमधली माणसंही तेच म्हणत असतील. त्यांना वाटलं होतं, दोन म्हातारे गंमत म्हणून चार बॉल टोलवतील, मग चहा होईल, फोटो निघतील. पहिल्याच सर्व्हिसला मी तुझ्या अंगावर टाकला आणि तू नेटमध्ये मारलास, तेव्हा ते हसले. पुढच्याला तू परत असा हाणलास की माझ्या कानाजवळून सूं करून गेला, तेव्हा त्यांचं हसणं बंद झालं. मग ड्यूस, माझा ॲडव्हान्टेज, पुन्हा ड्यूस, तुझा, पुन्हा ड्यूस. डॉक्टर 'एकच गेम' म्हणून हो म्हणाले होते, पण एक गेम एवढा चालतो हे मीही विसरलो होतो. मला दम लागला होता आणि मी किती सुखात होतो ते तुला सांगता येत नाही.

शेवटी ॲडव्हान्टेज तुझा. मी सर्व्हिस केली. तू माझ्या उजव्या कोपऱ्यात मारलास. माझ्या उजव्या अंगाला आता काहीच नाही हे तुला मी लिहिलं होतं, आणि तू तिथेच मारलास, सगळा जोर लावून. आवाज ऐकला तेव्हाच मला कळलं की तू सोडलं नाहीस. मी धावलो. कशाकडे ते ठाऊक नाही, पण धावलो आणि गुडघ्यावर पडलो. एकानेही टाळी वाजवली नाही. कोर्टावर एवढी शांतता झाली की मला वाटलं सगळे उठून गेले.

मग तुझी पावलं ऐकली. तू नेट ओलांडून आलास, आधी माझ्याकडे नाही, डागाकडे गेलास. वाकलास. आणि बराच वेळ बोललाच नाहीस. बन्सी, त्या वेळी मी जितका घाबरलो तितका डॉक्टरांसमोरही घाबरलो नव्हतो. मला वाटलं, आता हा खोटं बोलणार. मी पडलोय हे बघून 'बाहेर' म्हणणार, मला उठवून परत ड्यूस करणार, आणि आपलं इतक्या वर्षांचं सगळं तिथे मातीत जाणार. मग तू म्हणालास, "आत आहे." मी खाली बसल्या बसल्या देवाला हात जोडले, ते त्यासाठी. लोकांना वाटलं, गुडघा दुखतोय.

रूपा एरंडोलपर्यंत नुसती गाडी हाणत होती. मग म्हणाली, बाबा, त्यांनी तुम्हाला आंधळ्या बाजूला मारलं. मी म्हणालो, अगं, समोरच्याची कच्ची बाजू शोधूनच मारायचं असतं, मीही त्याच्या लंगड्या पायाला तेच केलं होतं. मी हरलो ते बॉल आत होता म्हणून.

(बन्सीकाका, यापुढचं मी माझ्या मनाने लिहितेय. पारोळ्यापासून घर येईपर्यंत बाबा प्रत्येक पॉइंट मोठमोठ्याने सांगत होते. दोन वर्षांत मी त्यांना एवढं बोलताना ऐकलं नव्हतं. माझा राग गेलाय असं समजू नका, पण लताकाकूंना सांगा की मी भरीत खायला येणार आहे. — रूपा)

तिने काय लिहिलं ते ती मला सांगत नाहीये. असो. तारीख हरलेल्याने ठरवायची असते. फेब्रुवारीतला दुसरा रविवार, कोर्ट धुळ्याचं. तोवर मला किती दिसत असेल ते तेव्हा बघू. तू पोटरीला तेल लाव आणि ड्रॉप शॉटकडे धावायची सवय कर. रविवारी तुझ्या हाती दिलेल्या तांब्याचा पोचा काढू नकोस, तसाच घेऊन ये. मला तो परत जिंकायचा आहे.

तुझा,
प्रेमराज